गाडी बघण्याचा कार्यक्रम

परवा नांदेडात गाडी सर्व्हिसिंगला टाकली, तेव्हा काउंटरवरच्या चुणचुणीत मुलीनं माझ्यापुढं एक गुळगुळीत कागद सरकवला. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून खालून काळा लेप मारतात, त्याचं ते पत्रक होतं. "मारून घ्या मॅडम, मग टेन्शनच नाही," ती म्हणाली. मी विचारलं, "मारायच्या आधी खालून धुता का? आणि धुतल्यावर किती वेळ वाळू देता?" तिनं आतल्या माणसाला विचारलं, त्यानं त्याच्याही आतल्या माणसाला विचारलं, आणि एकूण उत्तर असं आलं की धुतो की, थोडंसं. मी म्हटलं, मग मी घरीच धुवून, खरवडून, वाळवून आणते, तुम्ही त्यावर मारा. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई गाडीखाली शिरणार म्हणते, हे ऐकून तिचा चेहरा अगदी आमच्या अव्वासारखा, म्हणजे आईसारखा झाला. तिला काय सांगणार, की या विषयात माझं शिक्षण तिच्या जन्माआधी झालंय आणि त्यापायी माझं एक ठरत आलेलं लग्नही मोडलंय.

आम्ही लातूरचे. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा-भुसारचं दुकान होतं, आणि शिरूर अनंतपाळच्या बाजारात एक लहान दुकान वेगळं, तिथं ते आठवड्यातून एकदा माल घेऊन जायचे. नांदेडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची जुनी पांढरी मोटार त्यांनी घेतली, तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं की आता हे लोक सुधारले. डॉक्टरांनी त्या गाडीतून आयुष्यभर फक्त एक बॅग आणि स्वतःला नेलं होतं. अप्पांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यात खड्या मिठाची पोती भरली. दोन डिकीत आणि दोन मागच्या सीटपुढं, माणसांनी पाय ठेवायच्या जागेत. टेंपो कशाला करायचा, गाडी रिकामीच तर चाललीय, हा त्यांचा हिशेब. मीठ आपलं स्वभावाप्रमाणे पाझरायचं, पत्र्याच्या सांध्यात उतरायचं, आणि अप्पा वरून पोतं झटकून मोकळे व्हायचे. कोकणात गाड्या सडतात कारण तिथं समुद्र आहे. आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, तरी आमची गाडी सडत होती, कारण अप्पा समुद्र पोत्यात भरून आणत होते.

हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. रोज सकाळी अव्वा अंगण झाडायची तेव्हा गाडीखाली लालसर खपल्या पडलेल्या असायच्या, आणि तिच्या खराट्याचा खर्र खर्र आवाज तिथं बदलायचा. "तुमच्या गाडीला कोंडा झालाय बगा, रिठे लावून राहू का?" ती ओरडायची. अप्पा कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढत आतूनच म्हणायचे, "नजर लागली लोकायची." मग गाडीला लिंबू-मिरच्या बांधल्या. मठाचे स्वामी घरी आले तेव्हा त्यांच्याकडून बॉनेटला विभूती लावून घेतली. बॉनेट शेवटपर्यंत ठणठणीत राहिलं हे मला कबूल केलं पाहिजे. खालून विभूती लावायचं मात्र स्वामींना कुणी सुचवलं नाही, आणि त्यांच्या पोटाचा घेर बघता ते जमलंही नसतं.

त्या वर्षी मी बारावी झाले होते आणि मला नांदेडला जाऊन मशीनचं काहीतरी शिकायचं होतं. फॉर्म आणला होता. अप्पांनी तो वाचला, घडी घातली आणि देवळीत उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवला. आमच्या घरात एखादी गोष्ट देवळीत गेली की तिचा निकाल लागला असं समजायचं. त्याच महिन्यात कमळाआत्यानं, म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहिणीनं, उमरीचं स्थळ आणलं. मुलगा सोमनाथ, घरची खताची आणि बियाण्याची दुकानं, वडील शिवअप्पा वजनदार माणूस. वजनदार म्हणजे दोन्ही अर्थांनी. त्यांचा निरोप असा होता की आम्हाला काही म्हणजे काही नको, फक्त पोरीला माहेरी जायला-यायला सोय असावी. "म्हंजे काय?" अव्वानं विचारलं. आत्या म्हणाली, "म्हंजे गाडी." नवी गाडी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. अप्पा तीन दिवस वहीत हिशेब करत बसले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "आपलीच देऊ. जरा नीटनेटकी करून." माझ्याबद्दलही ते साधारण याच शब्दांत बोलत होते, त्यामुळं ते नक्की कुणाविषयी बोलताहेत हे मला आधी कळलं नाही.

वरून रंग झाला, सीटला नवी कव्हरं आली, प्रश्न पोटाचा राहिला. गफूर मिस्त्री आले. ते उताणे झोपून गाडीखाली सरकले, बराच वेळ आतच राहिले आणि बाहेर आले ते दाढीतून गंज झटकत. पहिल्यांदा पाणी मारून सगळी घाण काढायची, मग तारेच्या ब्रशनं घासायचं, दोन दिवस कडक वाळू द्यायचं, मग लाल रंग आणि सगळ्यात शेवटी डांबर, असं त्यांनी सांगितलं. अप्पा म्हणाले, "मिस्त्री, हितं आठ दिवसाला टँकर येतो. माणसं तांब्यात आंघोळ करून राहिलीत आन गाडीला कुठून घालू पाणी? घाण कशाला काढायची, वरून डांबर मारा की, घाण आत राहील." गफूर मिस्त्रींनी कानावर हात ठेवले. "नक्को सेठ. मैल के ऊपर डांबर लगाए तो अंदरीच अंदर खाता वो. मेरे हात से नै होता ये काम." आणि चहा न घेता निघून गेले. आमच्या घरातून कुणी चहा न घेता जाणं हा अपमान होता, त्यामुळं अप्पांनी हट्टालाच पेटून डांबराचा डबा त्याच दिवशी आणला.

आता डांबर फासणार कोण? अप्पांचं पोट आडवं यायचं. अंगणात आमचा हौद होता, पुरुषभर खोल, आणि दिवाळीपासून त्यात पाणी नव्हतं. अप्पांनी त्याच्यावरची फरशी काढली आणि दोन्हीकडं चाकं ठेवून गाडी बरोबर हौदावर उभी केली. दुष्काळानं आम्हाला एवढी एक सोय करून दिली. फटीतून हौदात उतरू शकेल इतकं काडीसारखं घरात एकच माणूस होतं. अव्वानं आकांत केला. "लग्नाची पोर, आठ दिवसावर पाव्हणे, आन तुमी तिला हौदात घालून राहिलेत? तोंडाला हळद लावायची का डांबर?" अप्पा म्हणाले, "तोंडाला कशाला लागतंय? हात वर करून मारायचं." मी उतरले.

खाली मस्त गार होतं. उभं राहिलं की गाडीचं पोट डोक्यावर छतासारखं यायचं. गाडीला असं खालून मी पहिल्यांदा बघत होते. मला जे वाटलं ते स्पष्टच सांगते, ते मला सोमनाथचा फोटो बघून वाटलं नव्हतं. कुठली नळी कुठून निघून कुठं जाते, चाक कशाला धरून बसलंय, सगळं उघडं. आणि सगळीकडं चिखलाचे थर, करडईचे काटे, आणि सांध्यांतून पांढरे खडे फुटलेले. मी एक खडा जिभेला लावला. खारट. "अप्पा, ही नजर न्हाई, मीठ हाय!" मी खालून ओरडले. अप्पा वर मागच्या सीटवर डावीकडं बसले होते, मला डबे द्यायला. ते म्हणाले, "गप मार डांबर." मी चिखलाचा एक पोपडा नखानं उचलला, तर त्याच्याबरोबर पत्राच हातात आला. ओंजळभर भोक पडलं आणि त्या भोकातून मला अप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा दिसला. मी त्याला खालून टोचलं. अप्पा वर दचकून हलले.

"अप्पा, तुमचा अंगठा दिसून राहिलाय मला."

मग अंगठा मागं सरकला, आणि थोड्या वेळानं भोकातून मिठाच्या पोत्याचा एक तुकडा खाली आला. "हे लाव. वरून डांबर थाप. जाड थाप," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता, दुकानात माप मारतानाही नाही. मी लावलं. रॉकेलनं डांबर पातळ करून गोणपाट त्यात बुडवलं, भोकावर चिकटवलं आणि हातानं लिंपत गेले. काम मी बेमालूम केलं, कारण करायचं तर नीट करायचं हा दोष माझ्यात तेव्हाही होता. तीन दिवस मी हौदात होते. अव्वा दुपारी दोरीनं डबा सोडायची, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि वरून माझ्या जन्माचा उद्धार करायची. जेवताना चटणीला रॉकेलचा वास यायचा. आजही कुठं रस्ता होत असला आणि डांबराचा वास आला की मला भूक लागते, आणि हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

मग माझी धुलाई झाली. रॉकेल, बेसन, लिंबू, परत रॉकेल. गाडीला नव्हतं तेवढं पाणी माझ्यावर गेलं. हात निघाले पण नखं काही निघेनात, तेव्हा आत्यानं वरून मेंदी थापली. पाहुणे आले त्या सकाळी मी आत्याची इरकल नेसून, कढईतल्या तेलाच्या आणि अंगावरच्या रॉकेलच्या वासात मधल्या खोलीत पाटावर बसले. तो पाट सागवानी, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं बसवलेला, खास अशा कार्यक्रमांसाठी आत्याच्या घरून आणलेला. सोमनाथ खाली मान घालून सुशीला खात होता. चुरमुऱ्याचा सुशीला इतक्या दुःखानं खाणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. त्याच्या आईनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "नखाला काय गं हे?" अव्वा घाईनं म्हणाली, "भरताची वांगी सोलली सकाळी." बाहेर शिवअप्पा गाडीभोवती फिरत होते. मला त्यांनी दोन प्रश्न विचारले, नाव आणि शिक्षण. गाडीला मात्र त्यांनी दार उघडून, बंद करून, हॉर्न वाजवून, चाकाला लाथ मारून विचारपूस केली. मग गुडघ्यावर वाकून खाली बघितलं आणि खूश होऊन ओरडले, "वा! खालून तर नवीच हाय की!"

खिडकीतून मला अप्पा दिसत होते. ते हसले, पण माझ्याकडं न बघता.

मला कळून चुकलं होतं की हे जमणार. मी उमरीला जाणार, माझ्यामागून गाडी येणार, आणि कुठल्या तरी रस्त्यावर एक दिवस माझ्याच हातचं काम गळून पडणार. तेव्हा माझं त्या घरात काय होईल याची मला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती आत्ता बोलले तर अप्पांचं तोंड कसं होईल याची होती. म्हणून मी पाटाचं पितळी फूल नखानं उकरत गप्प बसले. तेवढ्यात शिवअप्पांची नात, पाचेक वर्षांची झिपरी पोर, गाडीत चढली. मागच्या सीटवरून तिनं खाली उडी मारली. बरोबर डावीकडं. मग परत सीटवर चढली आणि परत उडी मारली. शिवअप्पा कौतुकानं म्हणाले, "हिची जागा ठरली बगा. जाताना एक चक्कर मारू सगळे, ही तिथंच हुबी राहील."

मी उठले. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी आपण होऊन उठत नसते, त्यामुळं बायका आ करून बघतच राहिल्या. मी बाहेर गेले, पोरीला बखोटीला धरून उतरवलं आणि म्हटलं, "तिथं पत्रा न्हाई. पोतं हाय. मी लावलंय." शिवअप्पा हसले. त्यांना वाटलं पोरगी चेष्टेखोर आहे. "पोतं? मी बगितलं की खालून!" असं म्हणत ते स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले आणि खात्री पटवायला त्यांनी डावा पाय उचलून जोरात आपटला.

पाय गुडघ्यापर्यंत गेला. शिवअप्पा गाडीत बसले होते आणि त्यांचा पांढरा मोजा रस्त्यावर उभा होता. ते पाय वर ओढायला लागले तशी पत्र्याची धार धोतरात अडकली आणि डांबराचं गोणपाट पोटरीला घट्ट गुंडाळलं गेलं. मी अव्वाचा अडकित्ता घेतला, इरकल खोचली आणि सरळ गाडीखाली गेले. "मामा, पाय हलवू नका," मी खालून सांगितलं. "बरं," मामा वरून म्हणाले, एकदम लहान आवाजात. माझं काम मलाच कापावं लागलं, आणि ते इतकं घट्ट बसलं होतं की मला त्या गडबडीतही जरा बरं वाटलं.

पाय सुटला. कुठं चिरला नव्हता, पण काळा झाला होता. शिवअप्पा ओट्यावर बसले आणि अप्पा तांब्यात रॉकेल घेऊन त्यांच्या पायावर घालू लागले. मान खाली. मी इरकलीवरचं डांबर बघत उभी होते आणि घरातून आत्याच्या रडण्याचा आवाज येत होता. मग शिवअप्पा काय म्हणाले ते ऐका. "पोरगी पसंत हाय आमाला. हुशार हाय, कामाची हाय. गाडी तेवढी नवी बगा."

अप्पांनी तांब्या सरळ केला. अर्धा पाय काळाच राहिला.

"गाडी हीच हाय," अप्पा म्हणाले. "आन पोरीला सवड न्हाई. ती शिकून राहिली."

मी तेव्हा काहीच शिकून राहिले नव्हते. पाहुणे एक पाय काळा घेऊन गेले. निघताना सोमनाथनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि तो चक्क हसला. त्यालाही नको होतं बहुतेक, मला तेवढ्यापुरता आवडून गेला तो. अव्वा आठ दिवस कुणाशी बोलली नाही. अप्पाही बोलले नाहीत, मी तर नाहीच. त्यांनी मला फसवायला लावलं याचा मला राग होता, मी त्यांना चारचौघांत उघडं पाडलं याची लाजही होती, आणि दोन्ही एकदम बाळगणं फार जड जात होतं. त्या भोकावर नंतर आत्याचा तो सागवानी पाट बरोब्बर बसला. डांबर लागलेली इरकल आणि पाट, दोन्ही तिनं परत घ्यायला नकार दिला होता. पुढं मी त्या पाटावर पाय ठेवून बरीच वर्षं फिरले. नांदेडला पोचेपर्यंत बाजूच्या फटीतून धूळ येऊन साडी गुडघ्यापर्यंत लाल व्हायची. मला बघायला मांडलेल्या पाटाचा एवढा चांगला उपयोग दुसरा झाला नसता.

पण मला सांगायचाय तो नवव्या दिवशीचा टँकर. सकाळी भोंगा वाजला, गल्ली घागरी घेऊन धावली, अव्वानं भांडून आमच्या वाट्याच्या बारा घागरी भरून आणल्या. अप्पांनी गाडी पुन्हा हौदावर नेली. मग त्यांनी ओट्यावरच्या चार घागरी उचलल्या. पिण्याच्या. मला वाटलं अव्वा आता घर डोक्यावर घेणार. ती खराटा हातात धरून उभी राहिली, अप्पांकडं बघितलं, आणि पाचवी घागर स्वतः उचलून त्यांच्याजवळ नेऊन ठेवली. "उतर खाली, महानंदा," अप्पा म्हणाले. नऊ दिवसांनी पहिल्यांदा.

मी तारेचा ब्रश घेऊन उतरले. वरून अप्पा सांध्यासांध्यांत तांब्यातांब्यानं पाणी सोडत होते, जपून, बाळाला घालावी तशी आंघोळ. खाली माझ्या डोक्यावर चिखल, मीठ, गंज आणि मी लावलेलं डांबर धो धो पडत होतं. मी घासत होते. अंगावरचं पाणी जिभेवर आलं तर खारट लागायचं आणि त्यात माझं किती होतं हे मला सांगता येणार नाही. शेवटची घागर संपली तेव्हा पत्रा पहिल्यांदा पांढरा दिसला, जिथं उरला होता तिथं. अप्पा दमून मागच्या सीटवर बसल्याचं मला करकर आवाजावरून कळलं. भोकात त्यांचा अंगठा आला.

"फॉर्म देवळीत हाय," ते म्हणाले. "कधीपोत्तर द्यायचा म्हणलीस नांदेडला?"

मी खालून त्यांचा ओला अंगठा मुठीत धरला आणि तारीख सांगितली.